ताटातली तटबंदी

सोलापूरची चादर कशाची, असं कुणालाही विचारा. सुताची, असं उत्तर येईल. सूत कशाचं? कापसाचं. आणि कापूस कशाचा? इथं आपण थांबतो. मीही थांबलो होतो. मराठी घेऊन बी. ए. झालेला मी कवी माणूस. चादरीवर कविता लिहिल्या, मागाच्या खडखडाटावर लिहिल्या, पण कापसाचा तंतू म्हणजे नेमकं काय, हे वयाची पन्नाशी उलटेपर्यंत मला ठाऊक नव्हतं.

मित्रहो, कापसाचा एकेक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवर उगवलेली एकेक पेशी. सरकीवर अशा हजारो पेशी केसांसारख्या लांब वाढतात. बोंड फुटतं तेव्हा पेशीच्या आतला जीव वाळून जातो आणि मागे उरते ती तिची भिंत. पाठ्यपुस्तकातला शब्द आहे पेशीभित्तिका. पिकलेल्या कापसात ती जवळजवळ निव्वळ सेल्युलोजची असते. म्हणजे १८७७ साली आपल्या गावात जुनी मिल सुरू झाली तेव्हापासून, आणि त्याआधी हातमागांवर, या शहरानं जे कातलं आणि विणलं त्या सगळ्या भिंतीच होत्या. आपण भिंती पांघरून झोपतो, भिंतींनी अंग पुसतो.

आज मला या भिंतीचा इतिहास सांगायचा आहे. झाडाला रोगापासून ती कशी वाचवते, रोग तिला कसा भगदाड पाडतो आणि हे सगळं माणसाच्या ध्यानात कसकसं येत गेलं, एवढाच विषय आहे. प्रयोग सगळे परदेशातले नाहीत. त्यातले काही धागे आपल्या जिल्ह्याच्या काळ्या रानातून आणि सांगोल्याच्या माळावरून जातात.

भिंत पहिल्यांदा पाहिली ती इंग्लंडच्या रॉबर्ट हूकनं. १६६५ साली त्यानं बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला. त्याला ओळीनं छोट्या छोट्या खोल्या दिसल्या. खोल्या रिकाम्या होत्या, कारण बूच मेलेलं असतं. गंमत बघा, जीवशास्त्राचा पायाच असलेला 'सेल' हा शब्द त्या रिकाम्या खोल्यांवरून आला. हूकनं पाहिल्या त्या भिंती, राहणारा कोण हे त्याला दिसलं नाही.

पुढची दोनशे वर्षं झाडाला रोग का होतो याबद्दल युरोपातही आपल्यासारख्याच समजुती होत्या. हवा बिघडली, देवाचा कोप झाला, झाडाचा रस नासला आणि त्या नासक्यातून बुरशी आली, असं मानत. १८४५मध्ये आयर्लंडचा बटाटा करप्यानं कुजला, लाखो माणसं उपासमारीनं आणि साथीनं मेली, तेव्हाही पंडितांचा वाद चालूच होता. बुरशी हा रोगाचा परिणाम नसून कारण आहे, हे जर्मनीच्या अँटोन द बारी यानं निःसंशय दाखवून दिलं. याच द बारीचा १८८६ सालचा एक प्रयोग मला फार आवडतो. साधा आहे, कुठल्याही स्वयंपाकघरात करता येईल असा.

त्यानं बुरशीनं सडलेली गाजरं घेतली. नीट पाहिलं तर बुरशीचे तंतू जिथवर पोचले होते, त्याच्याही पुढच्या पेशी आधीच मरून मऊ पडल्या होत्या. शत्रू अजून यायचाय आणि तट आधीच ढासळलेला. मग त्यानं सडक्या गाजराचा रस काढून निरोगी गाजरावर घातला. निरोगी गाजरही विरघळू लागलं. तोच रस उकळून घातला, तर काहीच झालं नाही. उकळल्यानं ज्याची शक्ती जाते असं काहीतरी त्या रसात होतं. बुरशी स्वतः येण्याआधी आपला रस पुढं पाठवते आणि तो भिंत वितळवतो. त्या रसात होती ती विकरं. आपण हल्ली सरसकट एन्झाइम म्हणतो.

एन्झाइम हा शब्द ऐकून सोलापूरकरानं बिचकायचं कारण नाही. आपल्याकडच्या प्रोसेसिंगवाल्याला तो रोजचा आहे. मागावर चढवण्याआधी ताण्याला खळ देतात, म्हणजे धागा तुटत नाही. विणून झाल्यावर ती खळ काढल्याशिवाय कापड रंग धरत नाही. पूर्वी कापड पाण्यात भिजवून रात्रभर आंबवत ठेवीत. हवेतले, पाण्यातले जिवाणू खळ खाऊन टाकीत. आता त्याच कामाला एन्झाइमची पावडर मिळते. ती खळीतलं स्टार्च तोडते आणि सुताला हात लावत नाही. एन्झाइमचा स्वभावच तसा आहे. एका कुलपाची एक किल्ली. स्टार्च तोडणारं वेगळं, सेल्युलोज तोडणारं वेगळं, पेक्टिन तोडणारं आणखी वेगळं.

पेक्टिन म्हणजे पेरूची जेली ज्यानं घट्ट होते ते. झाडाच्या जिवंत पेशीची भिंत समजून घ्यायची तर विणकराची भाषाच उपयोगी पडते. सेल्युलोजचे दोर हा ताणा. त्यांना आडवे बांधणारे दुसरे साखरेचे धागे हा बाणा. आणि या सगळ्यात भरलेलं पेक्टिन म्हणजे खळ. दोन पेशी एकमेकींना चिकटून राहतात त्याही पेक्टिनमुळेच. जिथं भक्कमपणा हवा तिथं झाड आणखी एक माल वापरतं, लिग्निन. लाकूड टणक होतं ते यानं. रोगाला सगळ्यांत सोपं पेक्टिन, त्यापेक्षा अवघड सेल्युलोज आणि लिग्निन पुरतं अवघड. ते मोडू शकणाऱ्या बुरशी फार थोड्या आहेत.

हे पुस्तकात वाचायला नको. मंगळवेढ्याच्या नाहीतर मोहोळच्या रानात डोळ्यांना दिसतं.

आपली ज्वारी रब्बीची. पाऊस संपताना पेरायची आणि काळ्या मातीनं धरून ठेवलेल्या ओलीवर काढायची. १९३०च्या दशकात मोहोळच्या केंद्रावर स्थानिक मालदांडीतून निवड करून एम ३५-१ हा वाण काढला गेला. १९३३मध्ये सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र सुरू झालं. तेव्हापासून वाण किती आले आणि गेले, मालदांडी मात्र टिकून आहे. भाकरी तिचीच गोड आणि कडबाही तिचाच, असं शेतकरी म्हणतो. २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं.

या ज्वारीचा वैरी म्हणजे खडखड्या. नावातच आवाज आहे. कणीस भरायच्या दिवसांत जमिनीतली ओल संपली, की झाडापुढं मोठा पेच पडतो. दाणा भरायला साखर हवी आणि मुळं तर कोरडी. मग झाड आपल्या ताटातली साखर उपसून दाण्याकडं धाडतं. आई स्वतः उपाशी राहून लेकराला भरवते, असं म्हणायचा मोह होतो, पण ते जरा जास्तच कवितेत जाईल. एवढं खरं, की ताट उपाशी पडलं की त्याचा प्रतिकार संपतो. मातीत वाट बघत बसलेली बुरशी मुळातून वर चढते आणि ताटाच्या बुडाशी असलेला भेंड खायला लागते. भेंडाच्या भिंती पातळ, पेक्टिनच्या. त्या विरघळतात. पाणी वाहून नेणाऱ्या शिरा मात्र लिग्निनच्या, त्या उरतात. असं ताट चिरून पाहिलं तर आत दोऱ्यांचा सुटा झुबका दिसतो, खळ उतरलेल्या ताण्यासारखा, आणि त्यावर कोळशाच्या भुकटीसारखे बारीक काळे कण. ते कण म्हणजे बुरशीचं पुढच्या वर्षीचं बियाणं. वाऱ्याची एक झुळूक आली की पीक आडवं. दाणा पोचट, कडबा पोकळ. द बारीनं गाजरात जे पाहिलं ते आपला शेतकरी माघात उभ्या रानात पाहतो.

यावर औषध मारून फारसं भागत नाही, कारण रोगाचं दार दुष्काळानं उघडलेलं असतं. फुलोऱ्याच्या आसपास एक पाणी देता आलं तर ताट उभं राहतं. शेवटपर्यंत हिरवं राहणाऱ्या वाणात खडखड्या कमी दिसतो, म्हणून शास्त्रज्ञ असे वाण शोधत आले आहेत. पण ते एक पाणी कुठून आणायचं, हा प्रश्न विज्ञानाच्या पुस्तकात नसतो.

काणीची गोष्ट वेगळी. काणी दाण्याला चिकटून पेरणीबरोबरच रानात जाते आणि कोंब कोवळा असतो, भिंती अजून कच्च्या असतात, तेव्हाच आत शिरते. मग काही महिने गुपचूप झाडाबरोबर वाढते. कणीस निसवलं की दाण्याच्या जागी काळी भुकटी. इथं भिंतीचा काही उपयोग नाही, कारण ती बांधून व्हायच्या आतच चोर घरात. मुंबई इलाख्यातल्या ज्वारीच्या काणीवर जी. एस. कुलकर्णी यांची पुस्तिका १९१८ साली पुसाच्या कृषी संशोधन संस्थेनं छापली. बियाणं मोरचुदाच्या पाण्यातून काढा, हा तेव्हाचा उपाय. पुढं गंधक आलं. किलोला चार ग्रॅम गंधक चोळायचं, एवढ्यावर पिढ्यान्‌पिढ्या जेरीस आणणारी काणी आटोक्यात आली. आपल्या शेतीच्या इतिहासात इतकं स्वस्त यश दुसरं क्वचितच सापडेल, आणि त्याचं नाव कुणी घेत नाही.

इथपर्यंत झाड बिचारं आणि बुरशी हुशार, असं चित्र उभं राहिलं. शास्त्रज्ञांचंही बराच काळ तसंच होतं. भिंत म्हणजे नुसती दगडमाती, निमूट उभी राहणारी. हे चित्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पालटलं.

१९७१मध्ये अमेरिकेत पीटर अल्बर्शाइम आणि ॲन अँडरसन यांनी घेवडा, टोमॅटो यांच्या पेशीभित्तिकेतच एक प्रथिन शोधलं. बुरशीचं पेक्टिन तोडणारं एन्झाइम आलं की हे प्रथिन त्याला धरून ठेवतं आणि निकामी करतं. तटावर पहारेकरी होते तर! पुढं लक्षात आलं, की हा पहारेकरी मोडतोड पुरती थांबवत नाही, मंदावतो. मंदावल्यामुळं भिंतीचे तुकडे भुग्याऐवजी लांबट राहतात आणि असे लांबट तुकडे आतल्या पेशीला सावध करतात. भिंतीची ढलपी पडली की घरातला जागा होतो, तसं. मग आतून चिरा बुजवायला कॅलोज नावाचं लिंपण घातलं जातं, लिग्निन ओतून भिंत कडक केली जाते आणि या कामाला झाडाची स्वतःची एन्झाइमं धावतात.

झाड चढाईही करतं. बुरशीलाही भिंत असते, ती कायटिनची. खेकड्याच्या पाठीचं, झुरळाच्या पंखाचं जे द्रव्य, तेच. झाडाच्या अंगात कायटिन मुळीच नसतं. तरीही झाडं कायटिन तोडणारं एन्झाइम बनवतात. घरात जे कुलूपच नाही त्याची किल्ली कशाला बाळगायची? दुसऱ्याचं घर फोडायला. स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथल्या संशोधकांनी १९८६ साली दाखवून दिलं, की घेवड्यातलं हे एन्झाइम बुरशीची वाढ खरोखरच रोखतं. द बारीच्या गाजरानंतर बरोबर शंभर वर्षांनी. आपल्या डोळ्यांतही असंच एक हत्यार आहे. अलेक्झांडर फ्लेमिंगनं १९२२मध्ये सांगितलं, की अश्रूंमध्ये जिवाणूंची भिंत विरघळवणारं एन्झाइम असतं. आम्ही कवींनी अश्रूंचं काय काय केलं, पण हे आमच्या ध्यानात आलं नाही.

ज्वारीकडं याहूनही वेगळी एक तऱ्हा आहे. तिच्या पानावर लालसर, जांभळट ठिपके दिसतात. आपण म्हणतो, रोगाचा रंग. अमेरिकेतल्या संशोधकांनी १९८७ साली दाखवलं, की बुरशी जिथं शिरू पाहते तिथं ज्वारीची पेशी नारिंगी-लाल रंगाचं द्रव्य गोळा करते आणि ते बुरशीला विषारी असतं. म्हणजे तो रंग झाडाच्या प्रतिकाराचा. किती पिढ्या आपण तो रोगाच्या खात्यावर मांडत आलो.

आता पुन्हा कापडाकडं येतो. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या सॉलोमन बेटांवर अमेरिकन फौजेचे सुती तंबू कुजून फाटू लागले. ते का कुजतात हे शोधण्यासाठी लष्करानं प्रयोगशाळा कामाला लावली. तंबू खाणारी जी बुरशी सापडली ती ट्रायकोडर्मा कुळातली होती, सेल्युलोज तोडण्यात पटाईत. एल्विन रीज या शास्त्रज्ञानं तिच्यावर आयुष्य घालवलं आणि पुढं बुरशीला त्याचंच नाव मिळालं. कापडाचा हा दुश्मन आज कापडाचा नोकर आहे. सुती कपड्यावरची लव काढून तो गुळगुळीत करायला तिचीच एन्झाइमं वापरतात. आणि याच कुळातल्या तिच्या बहिणी दुसऱ्या बुरशींच्या भिंती तोडून त्यांना खातात, हे १९३२ सालीच प्रसिद्ध झालं होतं. शेतकरी कृषी सेवा केंद्रातून ट्रायकोडर्माची पुडी आणतो, बियाण्याला चोळतो, शेणखतात मिसळतो, तो याच गुणासाठी. काट्यानं काटा काढायचा.

आता तेल्याबद्दल. खरं तर सगळं बोलणं त्याच्याचसाठी चाललंय.

डाळिंब आपल्याकडं जुनंच, पण बागांचा इतिहास अलीकडचा. १९३६ साली पुण्याच्या गणेशखिंड केंद्रावर डॉ. जी. एस. चीमा यांनी मऊ दाण्याचं एक झाड निवडलं. १९७०मध्ये त्याला 'गणेश' हे नाव मिळालं. पुढं राहुरीच्या विद्यापीठाचा 'भगवा' आला. १९९०मध्ये रोजगार हमीला जोडून फळबाग योजना सुरू झाली आणि सांगोल्यासारख्या कुसळं उगवणाऱ्या माळावर डाळिंब उभं राहिलं. ठिबकच्या नळीनं माणसांची घरं बांधली, पोरींची लग्नं झाली. आमच्या बागवान मंडळींच्या अडतीत लाल क्रेटची थप्पी छताला लागायची.

तेल्या हा बुरशीचा रोग नाही, जिवाणूचा आहे. भारतात त्याची नोंद दिल्लीत १९५२ साली झाली. तेव्हा कुणाला त्याची भीती वाटली नाही. या शतकाच्या पहिल्या दशकात तो आपल्या बागांत असा पसरला, की एका पावसात फळावर तेलकट डाग आणि पुढं फळ उभं-आडवं तडकलेलं. सगळी झाडं गुटी कलमाची, म्हणजे एकाच झाडाची लेकरं. एकाला बाधलं ते सगळ्यांना बाधलं, आणि रोपाबरोबर रोगही गावोगाव गेला. माझ्या एका मित्रानं सात वर्षांची बाग ट्रॅक्टर लावून उपटली. मी बांधावर उभा होतो. झाडं उपटताना तो गप्प होता. संध्याकाळी फक्त म्हणाला, 'कर्ज उपटता येत नाही.'

तेल्याचा जिवाणू भिंत फोडत बसत नाही. पानाला श्वास घेण्याची बारीक छिद्रं असतात, खरचटलेल्या जागा असतात, त्यातून तो पावसाच्या थेंबाबरोबर आत येतो. मला आपला भुईकोट आठवतो. दुहेरी तट, खंदक, एका अंगाला सिद्धेश्वर तलाव. विजापूर आणि अहमदनगरच्या सुलतानांनी या किल्ल्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या रक्त सांडलं आणि १५६५च्या तालिकोटच्या लढाईआधी तो आदिलशहाकडं गेला कसा? चांदबीबीच्या लग्नात हुंडा म्हणून. तट जागच्या जागी, किल्ला मात्र दुसऱ्याचा.

आत आल्यावर हा जिवाणू पेशींच्या मधल्या पोकळीत बसतो आणि सुईसारखी नळी भिंतीतून आत खुपसून आपली प्रथिनं पेशीत सोडतो. ती काय करतात? दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी २०१३मध्ये यातल्याच एका प्रथिनावरचं काम प्रसिद्ध केलं. मघाशी सांगितलं ते कॅलोजचं लिंपण, ते काम हे प्रथिन दडपून टाकतं. हल्ला झालाय हे कळूनही घरातल्यानं हात हलवू नये अशी ही तजवीज.

२००५मध्ये सोलापुरात राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र झालं. आता केगावला त्याची प्रयोगशाळा आणि बागा आहेत. तिथून शिकवलं जातं ते फार चमकदार नाही, पण उपयोगाचं आहे. पावसाळ्यातला मृग बहार टाळून हस्त बहार धरा, झाडाला विश्रांती द्या, कात्री प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक करा, रोगट फांद्या जाळा, रोप खात्रीचं घ्या. बोर्डो मिश्रण आहेच, मोरचूद आणि चुन्याचं. फ्रान्समध्ये वाटेवरची द्राक्षं चोरीला जाऊ नयेत म्हणून वेलींवर शिंपडायचे ते हे मिश्रण, आणि मिलार्देनं १८८५मध्ये ते औषध म्हणून जगापुढं मांडलं. सॅलिसिलिक ॲसिडची फवारणीही वेळापत्रकात आली. हे ॲस्पिरिनचं भावंडं, झाडाच्या अंगात धोक्याचा सांगावा देणारं. तंबाखूच्या पानाला ॲस्पिरिन दिलं तर ते विषाणूला अधिक दाद देत नाही, हे १९७९ सालीच दिसलं होतं. म्हणजे औषध रोगाला मारत नाही, घरातल्याला जागं ठेवतं.

घाबरलेला शेतकरी मात्र एवढ्यावर थांबत नाही. तो माणसांच्या क्षयरोगावर निघालेलं स्ट्रेप्टोमायसिन आठ-आठ दिवसांनी झाडावर मारतो, दुकानदार देईल ते मिसळतो. मला हे पटत नाही. त्याचा राग येत नाही, पण पटत नाही. जिवाणू सरावतो, आणि तेच औषध उद्या दवाखान्यात लागणार असतं.

तेल्याला दाद न देणारं आणि बाजारात चालणारं डाळिंब अजून आपल्या हाती नाही. शोध चालू आहे तो हिमाचलच्या डोंगरात रानटी वाढणाऱ्या डाळिंबात. 'दारू' म्हणतात त्याला. त्यातल्या काही झाडांवर तेल्या कमी दिसतो. त्यांचा गुण भगव्यात उतरवायचा तर संकर करायचा, रोपं वाढवायची, पुन्हा तेल्याच्या तोंडी देऊन पाहायची, यात वर्षं जातात. दारूचं फळ लिंबाएवढं लहान, दाणा कडक आणि इतका आंबट की तोंडात धरवत नाही. तिकडचे लोक तो वाळवून विकतात. सोलापुरात किराणा दुकानात अनारदाणा मागितला की पुडीत येतो तो हाच.